ओळखीची मालकी

काशीत उतरलेल्या मराठी यात्रेकरूला पूर्वी पहिला प्रश्न ठरलेला असे : गाव कोणते, आडनाव काय? हा प्रश्न कुतूहलाचा नव्हता. त्याच्या उत्तरावर यात्रेकरू कोणाचा हे ठरत असे. ‘कोणाचा’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. अमुक जिल्ह्यातले, अमुक जातीचे, अमुक आडनावाचे लोक अमुक उपाध्यांचे, अशी वाटणी कित्येक पिढ्यांमागे होऊन गेलेली असे. यात्रेकरूला ती ठाऊक नसली तरी ती अस्तित्वात असे.

या वाटणीचा पुरावा म्हणजे वही. तीर्थोपाध्यांच्या घरी अशा वह्यांचे गठ्ठे असत. काहींकडे ते आजही आहेत. पान उघडले की आजोबांचे नाव, ते कोणत्या साली आले, बरोबर कोण होते, कोणाचे श्राद्ध केले आणि खाली त्यांची सही, जुनी असेल तर मोडीत. परक्या शहरात, परक्या भाषेत आजोबांचे अक्षर समोर आले की विश्वास बसायला वेगळा दाखला लागत नसे. मग उतरायची जागा, स्वयंपाकाची सोय, होडी, पंचक्रोशीची यात्रा, श्राद्धाचे साहित्य, घरी न्यायचे गंगाजल, सगळे उपाध्यांमार्फत होई. यातले बहुतेक काही उपाध्यांच्या मालकीचे नसे. होडी मल्लाहाची, गडू तांब्यापितळेच्या दुकानातला, गंगा कोणाचीच नव्हे. उपाध्यांचे भांडवल म्हणजे ती वही. यात्रेकरू आणि काशी यांच्यामधली ओळख त्यांच्या ताब्यात होती, आणि त्या ओळखीवर त्यांचा चरितार्थ चाले.

आज ज्याला आपण प्लॅटफॉर्म म्हणतो, त्याच्या धंद्याचे मर्म याहून फारसे वेगळे नाही. कॅन्ट स्टेशनवर उतरलेल्या माणसाच्या फोनमध्ये आता तिकीट, खोली, रिक्षा, जेवण असे सगळे असते. काशी विश्वनाथ मंदिराचे सुगम दर्शन किंवा रुद्राभिषेकसुद्धा मंदिराच्या संकेतस्थळावर घरबसल्या नोंदवता येतो. खोलीचे आरक्षण करून देणाऱ्या कंपनीची काशीत एकही खोली नसते. रिक्षा बोलावून देणाऱ्या कंपनीची रिक्षा नसते. दोघांकडे असते ती वही, म्हणजे कोण कुठून आला, कितीला तयार झाला, काय शोधून परत गेला, कोणी कोणाला किती तारे दिले याची नोंद.

अर्थशास्त्रात याला दुतर्फा बाजार म्हणतात. झाँ-शार्ल रोशे आणि झाँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ च्या एका निबंधात त्याची मांडणी केली. तिरोल यांना पुढे २०१४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कल्पना सोपी आहे. बाजाराच्या दोन बाजू असतात आणि एक बाजू आल्याशिवाय दुसरी येत नाही. म्हणून मध्यस्थ एका बाजूला फुकट किंवा तोट्यात बोलावतो आणि त्याची भरपाई दुसऱ्या बाजूकडून करतो. गिऱ्हाइकाला सवलत, रिक्षावाल्याला बोनस, अशी सुरुवात होते. गिऱ्हाईक वाढले की रिक्षावाले येतात, रिक्षावाले वाढले की गिऱ्हाईक येते. एकदा दोन्ही बाजूंना दुसरीकडे जाणे परवडेनासे झाले की बोनस आटतो आणि आडत वाढते. हे लबाडीने होते असेही नाही. गुंतवणूकदारांनी अनेक वर्षे सोसलेला तोटा भरून काढण्याची ही आधीच ठरलेली वेळ असते.

समजा, दशाश्वमेधाजवळच्या एका गल्लीत चार खोल्यांचे घरगुती अतिथिगृह आहे. खोलीचे भाडे हजार रुपये. बुकिंग ॲपवरून आले तर त्यातला काही हिस्सा आडतीत जातो. यादीत वर दिसायचे तर जाहिरातीचे वेगळे. सवलत दाखवली नाही तर यादीत खाली जाण्याची भीती, दाखवली तर ती मालकाच्या खिशातून. तोच पाहुणा पुढच्या वर्षी पुन्हा येतो तेव्हा तो पुन्हा ॲपवरूनच येतो आणि मालक त्याच्याच ओळखीच्या माणसासाठी पुन्हा आडत भरतो. हा शेवटचा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वेळची आडत ओळख करून दिल्याबद्दल होती. दुसऱ्या वेळची कशाबद्दल आहे?

हा प्रश्न नैतिक आहे आणि त्याला दोन सोपी उत्तरे नेहमी तयार असतात. पहिले उत्तर असे की जुना मध्यस्थ माणूस होता, नवा यंत्र आहे, म्हणून जुना बरा. काशीपुरते तरी हे उत्तर टिकत नाही. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने ‘डेथ इन बनारस’ (१९९४) या ग्रंथात तिथल्या महाब्राह्मणांच्या ‘पारी’ची व्यवस्था सविस्तर वर्णिली आहे. मृताच्या नावाने येणारे दान घेण्याचा हक्क दिवसांमध्ये वाटलेला असतो. ज्याची पारी, त्या दिवशीच्या दानावर त्याचा हक्क. ही पारी वारशाने मिळते, गहाण पडते, विकलीही जाते. म्हणजे अजून मेलेल्याही नसलेल्या माणसाच्या शोकाचे उत्पन्न कोणाचे, हे आधीच ठरलेले असते. यजमानवृत्ती ही वारसाहक्काने जाणारी मालमत्ता आहे, हे इंग्रजी काळातल्या न्यायालयांनीही मान्य केले होते. ओळखीला किंमत लावून तिची खरेदीविक्री करणे हा सिलिकॉन व्हॅलीचा शोध नव्हे.

साडीच्या बाजारातही हेच. बनारसी विणकर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये गद्दीदार बसलेला. विणकर साडी घेऊन गद्दीवर जाणार, गद्दीदार ती उलगडून दोष काढणार, दोषाची कटौती करणार आणि उरलेले पैसेही लगेच देईलच असे नाही. अब्दुल बिस्मिल्लाह यांच्या ‘झीनी झीनी बीनी चदरिया’ (१९८६) या हिंदी कादंबरीचा हाच विषय आहे. तिच्यातला मतीन विणकरांची सहकारी सोसायटी काढायला निघतो, तेव्हा त्याला कळते की विणकरांची नावे आधीच दुसऱ्याने काढलेल्या सोसायटीच्या कागदांवर चढलेली आहेत. आपले नाव आपल्याआधी दुसऱ्याच्या वहीत पोचलेले असणे, याहून नेमके वर्णन आजच्या डिजिटल गिऱ्हाइकाचेही करता येणार नाही. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरी ऑनलाइन यादीत हातमागाची साडी आणि यंत्रमागाची नक्कल शेजारी शेजारी, सारख्याच उजेडात दिसतात आणि वर कोण हे सुतावरून ठरत नाही. गद्दी फक्त चौकातून उठून पडद्यावर आली.

दुसरे सोपे उत्तर बाजाराचे आहे. कोणी जबरदस्ती केली? ॲप तुम्हीच उतरवून घेतले, अटी तुम्हीच मान्य केल्या, नको असेल तर काढून टाका. या उत्तरात थोडे तथ्य आहे आणि ते नाकारू नये. मध्यस्थाचे कामही खरे काम असते. अनोळखी शहरात रात्री अकराला उतरलेल्या एकट्या बाईला, रिक्षावाल्याचे नाव आणि गाडीचा नंबर आधी कळणे ही मोठी गोष्ट आहे. गोदौलियाच्या गर्दीत भाड्यावरून हुज्जत घालावी लागत नाही, हेही खरे. जो विश्वास निर्माण करतो त्याने विश्वासाची मजुरी मागणे अन्याय नाही. प्रश्न मजुरी कधी संपते आणि खंडणी कधी सुरू होते, हा आहे.

या प्रश्नाचा विचार महाराष्ट्राने एकदा, फोन आणि ॲप नसताना, फार गांभीर्याने केला आहे. त्याची आठवण काशीच्या संदर्भात ठेवायला हवी. गावचा जोशी हा वतनदार होता. लग्नाला त्याला बोलावले नाही, दुसऱ्याकडून विधी करून घेतला, तरी दक्षिणा त्याची, आणि ती तो न्यायालयात मागू शकत असे. सत्यशोधकांनी भटाविना लग्ने लावायला सुरुवात केली तेव्हा हा पेच उघडा पडला. १८८४ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरची लग्ने ब्राह्मण पुरोहिताविना लावली. जोशांनी दावा केला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. वाद दक्षिणेच्या चार पैशांचा दिसत होता. खरा वाद होता की ज्याला बोलावले नाही, ज्याने काही केले नाही, त्याचा माझ्या घरच्या कार्यावर हक्क कसा? पुढे सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात हा विषय लावून धरला आणि १९२६ च्या कायद्याने असे न बोलावलेल्याचे हक्क रद्द झाले. पुरोहित राहिले, दक्षिणाही राहिली. गेला तो बोलावण्याशिवायचा हक्क.

हे तत्त्व साधे आहे : सेवा केली तर मोबदला, आणि सेवा हवी की नको हे ज्याच्या घरचे कार्य त्याने ठरवायचे. अतिथिगृहाच्या मालकाने दुसऱ्या वेळच्या आडतीबद्दल विचारलेला प्रश्न ओतूरच्या पाटलांच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे.

पण इथे एक फरक आहे आणि तो प्लॅटफॉर्मच्या बाजूने वापरला जातो. जोशी न्यायालयात जाई. प्लॅटफॉर्म कोणावर दावा लावत नाही. तुम्ही गेलात तर तो अडवत नाही. मात्र तुम्ही काय घेऊन जाता, ते पाहायला हवे. पाच वर्षे ॲपवर रिक्षा चालवणाऱ्याने हजारो फेऱ्या केल्या, वेळेवर पोचला, विसरलेली पिशवी परत केली. त्याचे चांगले नाव झाले. ते नाव ताऱ्यांच्या आणि आकड्यांच्या रूपात ॲपवर आहे. तो दुसऱ्या ॲपवर गेला तर तिथे तो कालच आलेला नवशिका. त्याचे खाते काही कारणाने बंद पडले तर पाच वर्षांचा चांगुलपणा त्या खात्याबरोबर पुसला जातो, आणि का बंद पडले हे विचारायला पलीकडे माणूस सापडेलच असे नाही. दार उघडे आहे, फक्त बाहेर पडताना स्वतःचे नाव आत ठेवून जावे लागते. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, तसा मग तो तिथेच राहतो आणि त्याच्या राहण्याला संमती म्हटले जाते.

हा काही मूठभर लोकांचा प्रश्न नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०–२१ मध्ये देशात अशी कामे करणारे सुमारे ७७ लाख लोक असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९–३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाईल असे म्हटले होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हा शब्द आपल्या कायद्यात आणला. विमा, निधी, नोंदणी यांची भाषा त्यात आहे आणि ती आवश्यकच आहे. परंतु कमावलेल्या नावाचे काय, हा प्रश्न त्या भाषेत बसत नाही.

पुन्हा वहीकडे येऊ. उपाध्यांच्या वहीत आणि प्लॅटफॉर्मच्या वहीत एक भेद मला मूलभूत वाटतो. उपाध्यांची वही यात्रेकरूसमोर उघडावी लागे. तिची सगळी ताकद उघडण्यातच होती. बंद वहीवर कोणाचा विश्वास बसणार? तुमच्याबद्दल काय लिहिले आहे ते तुम्ही वाचत होता, चुकले असेल तर दुरुस्त करत होता आणि तुमच्या हाताने पुढची ओळ लिहीत होता. प्लॅटफॉर्मची वहीही आपणच लिहितो, प्रत्येक बोट फिरवण्यातून. ती उघडली मात्र जाते ती दुसऱ्यासमोर : जाहिरातदारासमोर, किंवा पुढची किंमत ठरवणाऱ्या गणितासमोर. ज्याची नोंद, त्यालाच ती दिसत नाही.

जुन्या वहीचे गोडवे गाऊन इथे थांबता येणार नाही, कारण तिच्यातही एक कुलूप होते. यात्रेकरू वही वाचू शकत होता; ती घेऊन दुसऱ्या उपाध्यांकडे जाऊ शकत नव्हता. त्याच्या आजोबांची सही त्याच्या आजोबांची होती, पान उपाध्यांचे होते. ज्या जातींना वहीत मानाने जागा नव्हती त्यांची तर गोष्टच वेगळी. वाचण्याचा हक्क जुन्याने दिला, नेण्याचा कोणीच दिला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की ओळख ही सामाईक असते. खेड्यात सामाईक विहीर असते, तशी. एकाने खणायला पैसे जास्त घातले असतील, त्याचा हिशेब वेगळा चुकता करता येतो. पाण्याची पाळी ठरवता येते. पण एका वाटेकऱ्याने विहिरीला कुलूप लावून बाकीच्यांना पाणी विकणे, याला कोणताही गाव न्याय म्हणणार नाही. रिक्षावाल्याचे चांगले नाव त्याच्या श्रमातून आणि प्रवाशांच्या शब्दांतून झाले. प्लॅटफॉर्मने ते टिपून ठेवले. टिपून ठेवण्याची मजुरी त्याला मिळावी; पण टिपणारा मालक होतो, हे कोणत्या न्यायाने?

यावर आक्षेप येईल की तारे हे प्रवाशांचे मत आहे, रिक्षावाल्याची मालमत्ता नव्हे. आणि प्रत्येक ॲपची मोजपट्टी वेगळी, मग नाव न्यायचे कसे? पहिला भाग मान्य करावा. मत प्रवाशाचे आहे, म्हणूनच त्यावर मध्यस्थाचा दावा सगळ्यात दुबळा ठरतो. दुसऱ्या भागाचे उत्तर आपल्या खिशातच आहे. २०११ पर्यंत आपल्याकडे कंपनी बदलली की मोबाइल नंबर बदलावा लागे. नंबर कंपनीचा आहे असे सगळे धरून चालत आणि म्हणून दशकभर लोक वाईट सेवा सोसत राहिले. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. तांत्रिक अडचणी होत्याच, त्या सोडवल्या गेल्या, कारण नंबर माणसाचा आहे हे आधी ठरले. तत्त्व ठरले की यंत्रे वळवता येतात.

म्हणूनच पुढची गोष्ट खटकते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०१९ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात आपली माहिती एका सेवेतून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क होता. युरोपच्या कायद्यात तो २०१८ पासून लागू आहे. आपला २०२३ चा कायदा झाला तेव्हा त्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क आला. नेण्याचा हक्क गळाला. म्हणजे वही वाचता येईल, पान फाडताही येईल, बरोबर मात्र नेता येणार नाही. काशीच्या जुन्या उपाध्यांपाशी आपण जिथे होतो तिथेच कायद्याने आपल्याला आणून सोडले आहे.

वेगळ्या वाटा अशक्य नाहीत. बेंगळुरूत ‘नम्मा यात्री’ने प्रत्येक फेरीवर आडत घेण्याऐवजी रिक्षावाल्याकडून ठरावीक वर्गणी घेण्याचा प्रघात पाडला, तिथे मध्यस्थ फेरीचा भागीदार नसतो, रस्ता दाखवल्याची मजुरी घेतो. ओएनडीसी या सरकारी पुढाकाराच्या जाळ्यामागची कल्पना अशी की विकणारा एका ॲपवर आणि घेणारा दुसऱ्यावर असला तरी व्यवहार व्हावा. या वाटा किती लांब जातील हा व्यवहाराचा भाग. त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे, की आजची रचना ही निसर्गाची देणगी नव्हे, कोणीतरी केलेली निवड आहे.

आणि निवडीत आपलाही वाटा आहे. सवलतीच्या भाड्यात घाटावर पोचणारा प्रवासी स्वतःला नेहमी बळी समजतो. पण दुतर्फा बाजारात बहुतेक वेळा लाडाची बाजू त्याची असते आणि किंमत मोजणारी बाजू रिक्षावाल्याची, विणकराची, चार खोल्यांच्या मालकाची. वाहत्या गंगेत आपणही हात धुऊन घेतो. तेव्हा ‘कोणाच्या खिशातून?’ एवढा प्रश्न स्वतःला विचारणे हे तीर्थयात्रेला न शोभणारे नाही. दुसऱ्यांदा जाताना त्या मालकाला थेट फोन करणे ही क्रांती नव्हे. ओळख आपल्या दोघांची आहे, हे मान्य करण्याची ती एक छोटी रीत आहे.

कायदा यायला वेळ लागेल. ओतूरच्या लग्नांपासून १९२६ च्या कायद्यापर्यंत ४२ वर्षे गेली. पण त्या कायद्याचे पहिले कलम विधिमंडळात लिहिले गेले नव्हते. ते लिहिले गेले एका मांडवात, जिथे एका घराने ठरवले की आमच्या कार्यात कोणाला बोलवायचे हे आम्ही ठरवू, आणि मग त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहून दावा अंगावर घेतला.